बाबांच्या बादलीपुरतं गरम पाणी

मित्रांनो, मी एक जुना गीझर आहे. सिंगापूरला क्वीन्सटाउनमधल्या एका जुन्या इमारतीत, न्हाणीघराच्या दाराच्या वर टांगलेला असतो. बारा महिने घाम काढणाऱ्या या गावात माझी नोकरी पाणी तापवण्याची. तुम्हाला हसू येईल. येऊ द्या.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाची गोल टाकी, तिला आतून काचेसारखा मुलामा, पाणी तापवायला कॉइल आणि कॉइलच्या शेजारी मॅग्नेशियमची एक लांब कांडी. ही कांडी काही तापवत नाही, काही ओतत नाही. पाण्याला लोखंड खायची सवय असते. कांडी मध्ये उभी राहते आणि म्हणते, आधी मला खा. ती झिजत राहते, म्हणून टाकी गंजत नाही. कधीतरी ती संपते. तेव्हा नवी घालायची असते, हे फार थोड्यांना माहीत असतं.

घरमालकीण मिसेस टान यांनी मला बसवलं आणि घर भाड्याने दिलं. पुण्याहून मालती आणि उद्धव आले, बरोबर त्यांची मुलगी इरा. इथे न्हाणीघर स्वयंपाकघराला लागूनच असतं, त्यामुळे घरातलं सगळं माझ्या कानावर पडतं. पहिल्या दिवसापासून सर्वात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे, "गीझर बंद केलास का?" मी चालू नसलो तरी ते विचारलं जाई. तिघंही गारच शॉवर घेत.

मग एका वर्षी मालतीचे वडील आले, मिरजेचे मनोहरकाका. दोन्ही गुडघे धरलेले. शॉवरखाली उभे राहून बाहेर आले आणि लेकीला म्हणाले, "मालू, हे वरून शिंपडणं म्हणजे कुंडीतल्या झाडाला पाणी घालणं झालं. आंघोळ कुठाय?"

मालती त्याच दिवशी बादली, तांब्या आणि बसायला स्टूल घेऊन आली.

"आई, सिंगापूरमध्ये बादली कोण वापरतं, ला?" इरा इथल्या लोकांसारखं शेवटी 'ला' जोडत म्हणाली.

"तुझे आजोबा वापरतात. ला," मालती म्हणाली.

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस. रोज सकाळी काठोकाठ वाफाळती बादली. काका पहिला तांब्या गुडघ्यांवर घेत आणि डोळे मिटून "हां" म्हणत. लांब, पोटातून आलेलं. आंघोळ झाली की माझ्या पोटावर थाप मारायचे. "झकास तापवतोस रे." मला अशी शाबासकी त्याआधी कुणी दिली नव्हती आणि नंतरही दिली नाही.

व्हिसा संपला, काका गेले. बादलीत धुवायचे कपडे पडू लागले. माझं बटण बंद ते बंदच. पोटातलं पाणी जागच्या जागी राहिलं. मी त्या एका "हां"ची वाट पाहत राहिलो. वाट पाहणं हे काही काम नव्हे, पण मला दुसरं काम नव्हतं.

पुढच्या दिवाळीला काका पुन्हा यायचं ठरलं, तेव्हा मालतीने मला चालू करून पाहिलं. नळातून तांबूस पाणी आलं. त्याला नासक्या अंड्यासारखा वास. उद्धवने नाक धरलं. मिसेस टान यांना फोन गेला आणि उत्तरही लगेच आलं. सोमवारी माणूस येईल, जुना काढेल, भिंतीवर छोटा इन्स्टंट हीटर लावेल.

"झालं की मग," उद्धव म्हणाला.

"कसलं झालं? त्यातून कोमट धार येते, बोटाएवढी. बादली भरेपर्यंत गार होते. बाबांना मी काय सांगू, झाडाला पाणी घालून घ्या?"

मालतीने पुन्हा फोन केला. मिसेस टान म्हणाल्या, ठेवायचा तर ठेवा, पण सोमवारी वास नको आणि गळती नको.

मग मालती व्हिडिओ बघत बसली. शनिवारी तिने माझी वीज बंद केली, पाण्याचा कॉक फिरवला आणि नळी लावून माझं पोट रिकामं केलं. नट इतका घट्ट बसला होता की पाना लावून उद्धव त्याला अक्षरशः लोंबकळला. मालती मला मिठी मारून उभी.

"पडलो तर कंपनीला काय सांगू?"

"सांग, सासऱ्यांच्या आंघोळीत पडलो."

नट सुटला. कांडी बाहेर आली, म्हणजे नुसती तार आली. तिच्यावर दोनचार खडबडीत गाठी.

"ही बघ, सडलीये. हिनेच पाणी नासवलं," उद्धव म्हणाला. "आता हे भोक बंद करून टाकू. कांडीच नको."

माझा जीव टांगणीला लागला. कांडीशिवाय वर्षभरात माझी चाळण झाली असती.

मालती ती तार हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, "उद्धव, तुमच्याकडे पितळेच्या पातेल्यांना कल्हई लावायचे ना?"

"आई लावून घ्यायची."

"कल्हई उडाली की त्या काय करायच्या? बिनकल्हईच्या पातेल्यात आमटी?"

"छे. कळकली असती."

"मग? ही टाकीची कल्हई आहे. ही सडली म्हणूनच टाकी सडली नाही."

उद्धवने पाना खाली ठेवला आणि कुठून आणायची एवढंच विचारलं.

मालती दुकानं पालथी घालून दुपारी परतली, पिशवीतून नवी कांडी डोकावत होती. दुकानदाराची नक्कल करत म्हणाली, "आंटी, धिस वन नोबडी चेंज, ला. बाय न्यू." स्वतःच हसली. मला आतून खळखळून धुतलं, कांडी बसवली. पहिलं पाणी गढूळ, मग स्वच्छ. सोमवारी मिसेस टान आल्या, वाकून नळ हुंगला, "ओके, कॅन," म्हणजे चालेल, असं म्हणाल्या आणि गेल्या.

त्या संध्याकाळी मिरजेचा फोन आला. मालतीने तो स्वयंपाकघरात स्पीकरवर घेतला.

"मालू, डॉक्टर नको म्हणतायत गं. एवढा वेळ बसून प्रवास, गुडघा सुजला तर... या दिवाळीला राहू दे."

"बरं बाबा," ती म्हणाली. कांडीबद्दल, नटाबद्दल, एक अक्षर नाही. एवढंच बोलली, "गीझर काढला नाही बरं का. आहे तुमचा."

काका म्हणाले, "हो का? मग पाडवा झाला की दाखवतो पुन्हा डॉक्टरला."

दिवाळीच्या पहाटे तिने माझं बटण लावलं. बादली भरली, स्टुलावर बसली आणि पहिला तांब्या गुडघ्यांवर ओतला.

"अगं, एवढ्या उकाड्यात कढत पाणी?" उद्धवने बाहेरून विचारलं.

"असू दे," ती म्हणाली आणि तिने रडून घेतलं. पाण्याच्या आवाजात ते फक्त मला ऐकू आलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी आतल्या आत झिजत असेल. त्याला आवाज नसतो. पाण्याला रंग येईपर्यंत थांबू नका, अधूनमधून उघडून बघा, विचारपूस करा. माझं म्हणाल तर मी बरा आहे. पोटात नवी कांडी आहे, पाणी स्वच्छ आहे. मालती आता दर रविवारी मला तापवते. पाणी शिळं होऊ नये म्हणून, असं घरी सांगते.