चार रेघांचं अंतर

करुणा आखाडा बाळापूरला जनावरांची डॉक्टर. तिने स्वतःच्या पगारातून गाडी घेतली, त्याला चार महिने झाले होते. पुढच्या वाहनाचा वेग पाहून आपला वेग आपोआप कमी-जास्त करणारी गाडी. पुढच्यापासून किती लांब राहायचं ते स्टिअरिंगवरच्या बटणाने ठरायचं आणि पडद्यावर तेवढ्या रेघा दिसायच्या. मॅन्युअल दोनदा वाचून, रिकाम्या रस्त्यावर करून बघून करुणाने चार रेघा ठेवल्या होत्या. सगळ्यात लांबचं अंतर.

मंगळवारी ती सासूबाईंना, शालूबाईंना, डोळे दाखवायला हिंगोलीला घेऊन निघाली. गाडी आदल्याच दिवशी सर्व्हिसिंगहून आली होती. कळमनुरी मागे पडल्यावर तिने क्रूझ, म्हणजे वेग आपोआप सांभाळणारी ती सोय, लावली. वेग सत्तर. समोरचा टेम्पो आज जवळ वाटतोय, असं मनात येतंय तोच रस्त्यात शेळ्या शिरल्या आणि टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक मारला. गाडीने ब्रेक लावला, करुणाचाही पाय दाबला गेला, तरी टेम्पोपासून जेमतेम हातभर अंतरावर ती थांबली. शालूबाईंचा चष्मा उडून पायाशी पडला.

“काहून एवढी चिकटून चालवून राहिलीस, बाई?”

करुणाने पडद्याकडे पाहिलं. एकच रेघ! निघतानाच बघायला हवं होतं, हे तिला टोचलं. पण बदललं कुणी?

डोळ्यांचा दवाखाना राहिला बाजूला, गाडी सरळ सर्व्हिस सेंटरला गेली. काउंटरवरचा पुष्कर उठून उभा राहिला. “साहेब नाही आले?”

“गाडी माझ्या नावावर आहे. अंतर कुणी बदललं?”

“सोमेश्वर सरांनीच सांगितलं, मॅडम. काल गाडी न्यायला आले होते ना, तेव्हा.”

करुणाने तिथूनच नवऱ्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“अगं, तू इतकी लांब राहतेस, कुणीही मधे घुसतं,” सोमेश्वर म्हणाला. “तुझ्याच सोयीसाठी केलं.”

“मला सांगितलं का नाही?”

“विसरलो. एवढं काय त्यात?”

एवढं काय त्यात! तिने लिहिलेला औषधाचा डोस दवाखान्यात कुणी परस्पर बदलला असता, तर तिने त्याला दारात उभं केलं नसतं. ती हेच त्याला ऐकवणार होती. तेवढ्यात शालूबाईंनीच फोन ओढून घेतला.

“सोम्या, मी बसले व्हते गाडीत. टेम्पोत घुसलो असतो आमी. समजलं का?”

सोमेश्वरने फोन ठेवला.

करुणाने पुष्करकडून जॉबकार्डवर लिहून घेतलं: मालकिणीला विचारल्याशिवाय कुठलंही सेटिंग बदलू नये. पुष्करने मान खाली घालून सही केली. मग ती गाडीत बसली आणि बटण दाबून चार रेघा आणल्या.

संध्याकाळी सोमेश्वर घरी आला, आईजवळ बसला. “आई, लई तकलीफ झाली ना तुला? चुकलं माझं.”

करुणा स्वयंपाकघरातून बाहेर आली. “आईंचं झालं. गाडी कोण चालवत होतं?”

तो पायातले मोजे काढत राहिला. ती हलली नाही. शेवटी तो पुटपुटला, “तुलाही विचारायला पाहिजे होतं.”

“मोठ्याने म्हणा.”

त्याने म्हटलं. तरी रात्रीचं जेवण होईपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही.