न वाचता उमटलेला शिक्का

‘तपासले’, एवढंच मला बोलता येतं. आज मात्र जरा जास्त बोलणार आहे, कारण मी काही साधासुधा शिक्का नाही. मी एका मोठ्या रुग्णालयाच्या ग्रंथालयातला शिक्का. माझी जांभळी खूण असल्याशिवाय इथून संशोधनाचा एकही कागद वॉर्डात जात नाही.

जिन्याखालच्या टपरीत एका म्हाताऱ्या कारागिराने मला रबरातून कोरलं, लाकडी मूठ बसवली आणि फुंकर मारून ग्रंथपालबाईंच्या हातात दिलं. बाईंची रीत ठरलेली. डॉक्टरांचा प्रश्न आला की त्या लेख शोधणार, तो खरंच छापून आलाय का, नंतर कुणी मागे तर घेतला नाही ना, हे पाहणार आणि मगच मला उचलणार. संगणक आले, तारखेचे शिक्के अडगळीत गेले, मी मात्र टेबलावरच राहिलो. मिरवायचं नाही म्हटलं तरी मिरवलं जातंच.

माझी देखभाल शिपाईकाकांकडे. बाईंचा वेळ वाचावा म्हणून काका रोज सकाळी, घाईच्या वेळी लेखांना टाचायच्या कोऱ्या चिठ्ठ्यांवर मला धडाधड उमटवून ठेवायचे. बाईंनीही कधी हटकलं नाही.

एके दिवशी काकांची चार वर्षांची नात फिट येऊन मुलांच्या वॉर्डात दाखल झाली. तिची तरुण डॉक्टर धापा टाकत ग्रंथालयात आली. हातात एआयने दिलेलं उत्तर होतं: नव्या औषधाचं प्रमाण आणि खाली पाच लेखांचे संदर्भ.

“काका, बाई कुठायत? हे तपासून हवं होतं.”

“बैठकीत आहेत हो, तास तरी लागेल. हे घ्या.” काकांनी शिक्का मारलेली चिठ्ठी त्या कागदाला टाचून दिली. “नात आहे माझी. लवकर बघा.”

मी ओरडलो असतो. पण मला एकच शब्द येतो, आणि तोच त्या दिवशी खोटा होता. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

बाई परतल्या तेव्हा काकांनी सगळं मोठ्या कौतुकाने सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला.

“अहो काका, मी वाचलंच नाही, तर तपासलं कुणी?” त्यांनी फोन उचलला. “सिस्टर, त्या छोटीचं नवं औषध थांबवा. आत्ताच्या आत्ता!”

सिस्टरने सुई भरूनच ठेवली होती. ती सुई तशीच बाजूला राहिली. डॉक्टरने नेहमीच्या औषधावर पोरीला सांभाळलं आणि बाई शोधायला बसल्या. पाचांतले दोन लेख जगात कुठेच नव्हते; नाव, वर्ष, पान सगळं कसं झोकात! ज्या तिसऱ्यावर प्रमाण बेतलं होतं, तो लेखकांनीच आकडे चुकले म्हणून गेल्या वर्षी मागे घेतलेला.

काका दाराशी ताटकळत होते. “बाई, मारा की आता शिक्का. पोरीला औषध मिळू दे.”

“काका, पोर आपली आहे ना? मग थांबा जरा.”

शेवटी एक ताजा, भरवशाचा अभ्यास सापडला. तिच्या वजनाला प्रमाण निम्मंच हवं होतं. बाईंनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि मला उचललं. आयुष्यात मी इतका ठसठशीत कधी उमटलो नव्हतो.

सहाव्या दिवशी छोटी काकांचं बोट धरून घरी गेली. काकांनी उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या आणि मला स्वतःच्या हाताने बाईंच्या खणात ठेवलं.

आता माझं रबर झिजलंय, अक्षरं फिकी उमटतात. पण माझा मान वाढलाय. तुम्हाला एकच विनंती: माझा रंग पाहून भुलू नका, मला उचलणाऱ्याला विचारा. काका रोज विचारतात. बाईंनी खण उघडला की दारातून आवाज येतो.

“बाई, शेवटपर्यंत वाचलंत ना?”

“वाचलं, काका.”

“मग मारा.”