पाठीखालची नवी घोंगडी

माझ्या बायकोच्या, चतुराच्या पाठीवर माशी बसली होती आणि तिला ते कळलं नव्हतं. मी तिला पुरतं कुशीवर वळवलं, तर माकडहाडापाशी तळहाताएवढी कातडी गेलेली दिसली.

चूक माझी होती. आठ दिवसांपूर्वी मी तिच्यासाठी नवी घोंगडी विणली होती. ती ताठ बसावी म्हणून चिंचोक्याची खळ दोनदा चढवली. आम्हा धनगरांत मानाच्या माणसाला नवी घोंगडी अंथरतात, आणि तिला भेटायला येणाऱ्यांपुढं जुन्या चिंध्यांवर पडलेली पाहून मला लाज वाटायची. पण खळीची घोंगडी फळीसारखी कडक असते. धडधाकट माणसाला ती टोचते, म्हणून तो कूस बदलतो. चतुराला कमरेखाली काही टोचतच नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी जोंधळ्यातली पाखरं हाकताना ती माळ्यावरून पडली. तेव्हा निजामाचं राज्य होतं. जाफराबादेकडच्या आमच्या गावाहून जालन्याला बैलगाडीनं दोन दिवस लागले. मिशनच्या दवाखान्यात आम्ही चार महिने राहिलो. तिथं पुष्पाबाई नावाची बाई रोग्यांपाशी बसून प्रार्थना करायची. तिनंच मला, चाळिशी उलटलेल्या माणसाला, पाटीवर अक्षरं गिरवायला लावली. आम्ही दोघं ख्रिस्ती झालो. चतुरा प्रभूकडं मनानं गेली. मी गेलो तो तिला एकटं कसं सोडायचं म्हणून.

घरी आल्यापासून दळण, पाणी, भाकरी, तिचं अंग पुसणं, तिच्याखालचं काढणं, सगळं माझ्यावर होतं. मी फार थकलो होतो. प्रार्थनेला बसलो की मला डुलकी लागायची.

जखम धुऊन, ती घोंगडी काढून आणि तिच्याखाली पुन्हा जुन्या चिंध्या घालून मी भाकऱ्या थापायला बसलो, तेवढ्यात माझा थोरला भाऊ रखमाजी आला आणि ओसरीवर टेकला. आत चतुरानं तोंडावर पदर ओढला. भासऱ्यापुढं बोलायची तिला रीत नव्हती.

"काय करून राह्यला रं, कडूबा?"

"भाकरी थापतोय, दादा."

"थाप, थाप. आता बांगड्याबी भर." तो हसला. मग आवाज जरासुद्धा खाली न करता म्हणाला, "पिंपळगावची द्वारका हाये. नवरा मेला, लेकरू न्हाई. कामाला वाघीण. तिच्या भावाकडं जाऊन आल्तो मी. उद्या सुपारी फोडू."

"आमच्यात दुसरी करता येत न्हाई, दादा."

"मंग ते येसूचं सोड. जातीला एक पंगत घाल, बराबर घेत्याल परत. अन् चतुरीला कोण हाकलून देतंय? पडून राहील कोपऱ्यात. तिचंबी द्वारकाच करंल. बोल जल्दी, माणूस थांबलाय तिकडं."

मला हो म्हणायचं होतं. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. "हिला जेवू घालतो, मंग सांगतो," एवढंच बोललो आणि भाकरी घेऊन आत गेलो.

पदराखालून चतुरा हळूच म्हणाली, "हो म्हणा."

"गप ऱ्हा."

"तुमी किती थकून गेलात बघा. अन् तिच्या भाकरी तुमच्यापरीस पातळ असत्याल. माझा फायदाच हाये."

तिनं हसायचा प्रयत्न केला. अंग तापानं फणफणत होतं. मी तुकडा मोडून तिच्या तोंडापाशी नेला. तिनं तोंड मिटून घेतलं. आमच्या घरी जेवणाआधी आभार तीच मानायची.

"आज तुमी म्हणा. मला दम न्हाई."

"मला न्हाई येत."

"मंग राहू द्या भाकरी."

मला राग आला. कशाचे आभार मानायचे? डोळे मिटले आणि रागातच सुरू केलं, "प्रभू, ही भाकरी दिलीस..." पुढं काही सुचेना. बाहेर दादा खाकरला. मी म्हणालो, "आज ती माशी मला दिसली. अजून दोन दिवस दिसली नसती, तर हाडापर्यंत गेलं असतं. हिच्या पाठीला काही कळत न्हाई. ते कळायला तू मला ठेवलंस. त्याबद्दल..."

हे मी ठरवून बोललो नव्हतो. बोलल्यावर मला पहिल्यांदा दिसलं, की द्वारका आली तर ती दळील, रांधील, सारवील, पण रोज हिला वळवून हिची पाठ कोण बघणार? मी तर द्वारकाबरोबर निजायला बाहेर सोप्यात गेलेलो असेन.

"त्याबद्दल उपकार," मी म्हणालो. चतुरानं तोंड उघडलं.

तिचं जेवण झाल्यावर मी बाहेर आलो. "न्हाई, दादा. द्वारकाला दुसरं घर बघा."

"त्या बाटग्यांनी डोकं फिरवलं तुझं! परत माझ्या दारात येऊ नको."

"बरं."

"बरं काय बरं? म्हातारपणी तुला पाणी कोण पाजंल?"

तो तरातरा निघून गेला. मला हलकं वाटलं नाही. कंबर धरत मी चुलीपाशी जाऊन बसलो.

आतून चतुरा म्हणाली, "थोरल्याला असं बोलत्यात व्हय?"

"तू जेवलीस ना?"

"जेवले. आता तुमी जेवा."

एक भाकरी उरली होती, एका बाजूनं करपलेली. ती पुढ्यात घेतली आणि कुणी न सांगता डोळे मिटले.