यंत्राने म्हटलेले ‘चश्म’

इस्पितळाचे निवेदन असे आहे : ‘संदेश रुग्णाला पोहोचला, रुग्णाने तो वाचला, आणि आपला क्रम दुसऱ्या गरजूला देण्यास स्वतः संमती दिली.’ वाक्य आटोपशीर आहे, व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, आणि त्यातली तिन्ही क्रियापदे खोटी आहेत. इराणात, किरमानच्या शब्दकोश कचेरीत मी एकतीस वर्षे काढली. लबाड विशेषणे तिथे रोज भेटत. पण तीन क्रियापदांनी एकाच ओळीत एवढ्या शिस्तीने केलेला कट माझ्या पाहण्यात नव्हता.

रुग्ण म्हणजे माझी धाकटी बहीण मलीहे. जाड लोकरी शालींवर सुरूची झाडे भरण्यात तिची चाळीस वर्षे गेली. आता उजव्या डोळ्याचा कॉर्निया दुधासारखा पांढरा झाला आहे, आणि डाव्याने तिला फक्त खिडकी कुठे आहे एवढे कळते. हिवाळा ओलांडला तर डावे बुबुळ इतके पातळ होईल की त्यावर रोपण टिकणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. चौदा महिने वाट पाहिल्यावर, शरदातल्या मेहर महिन्याच्या आरंभी यादीत तिचा पहिला क्रम आला.

क्रम आल्याची सूचना इस्पितळ फोन करून देत नाही. वसंतापासून ते सारे ‘चकावक’ नावाच्या देशी अ‍ॅपवर कळवते. चकावक म्हणजे चंडोल. चंडोल निदान गातो तरी.

विश्वासाचे अ‍ॅप शोधणे हा त्याआधीच आमच्या घरचा पूर्णवेळ व्यवसाय झाला होता. मलीहेची मुलगी ओर्किदे जर्मनीत हानोफरला असते. तिचा आवाज ऐकल्याशिवाय आईचा दिवस उजाडत नाही. परदेशी अ‍ॅपे बंद झाली तेव्हा आम्ही सरकारी बंदीचा फिल्टर फोडणारे अ‍ॅप घातले. ते चालावे म्हणून दुसरे घातले. दुसऱ्याने पहिल्याला ओळखण्यास नकार दिला. एका अ‍ॅपमधून आवाज जाई पण येत नसे. एकात येई, पण परवाचा. मी बहिणीच्या घरी राहायला आलो, आणि तिचा फोन हातात धरून खोलीतून अंगणात, अंगणातून जिन्यावर, सिग्नलच्या मागे फिरू लागलो.

“दायीजान, निळं दाबा,” ओर्किदे तुटक आवाजात मला, तिच्या मामाला, सांगे.

“कुठलं निळं? इथे तीन निळी आहेत.”

“पक्षी असलेलं.”

“दोन पक्षी आहेत, ओर्किदे. आणि एक पाकीट आहे, त्यालाही पंख आहेत.”

खाटेवरून मलीहे म्हणाली, “दादाश, जे दाबल्यावर माझी मुलगी बोलते ते दाब. रंग मला कशाला ऐकवतोस?”

शेवटी मी बाजारात यदुल्लाहच्या दुकानात गेलो. तो फोन दुरुस्त करतो आणि कुणाचीही भीड ठेवत नाही.

“विश्वासाचं अ‍ॅप पाहिजे, उस्ताद?” त्याने भिंगातून डोळा वर केला. “माझ्या सासूला सांगा. संध्याकाळपर्यंत अख्ख्या किरमानला पोहोचवते. चार्जिंग लागत नाही.”

“इस्पितळ तुझ्या सासूवर नाही, यदुल्लाह.”

“मग चकावक ठेवा. दुसरा इलाज नाही. फक्त एक करा, त्याच्यावर विसंबू नका.”

ज्यावर विसंबू नये तेच ठेवणे भाग पडावे, याला इकडे सेवा म्हणतात. मी चकावक घातले. ओर्किदेचा आवाज त्यावर खरोखर स्वच्छ येई. आठवडाभर आम्ही जवळजवळ समाधानी होतो.

मेहरच्या सहा तारखेला फोनवरचे नेट गेले. सहाला गेले, सातला नव्हते, आठला नव्हते. मी दर पाव तासाला फोनचा पडदा पेटवून पाहत होतो. शेजारणीने पाठवलेली खजुराची कोलुंपे बिस्किटे बशीत तशीच कोरडी पडली. इस्पितळाचा फोन उचलला जात नव्हता. नऊ तारखेच्या सकाळी मी इस्पितळाकडे चालत निघणार, एवढ्यात माझ्या मुठीत फोन थरथरला आणि तीन दिवसांचे सगळे एकदम आत कोसळले.

इस्पितळाचा संदेश सात तारखेचा, सकाळी दहाचा होता : ‘सन्माननीय रुग्ण, आपला क्रम आला आहे. अधिक तातडीच्या रुग्णासाठी तो सोडण्यास आपली अनुमती आहे काय?’ त्यापुढे पोहोचल्याची खूण. तिच्याशेजारी वाचल्याची खूण. आणि त्याखाली, आठ तारखेला सकाळी दहा वाजता, मलीहेच्या नावाने एक शब्दाचे उत्तर : ‘चश्म.’

हा शब्द समजावून सांगणे भाग आहे, कारण सारा खटला त्याच्यावर उभा आहे. चश्म म्हणजे डोळा. ‘आपली आज्ञा माझ्या डोळ्यांवर’ या लांब अदबीचा तो उरलेला तुकडा. मोठ्या माणसाने काही म्हटले की आम्ही चश्म म्हणतो. कलिंगड गोडच दे म्हटल्यावर फळवाला चश्म म्हणतो आणि पांढरे देतो. उद्या नक्की येतो या अर्थी प्लंबर चश्म म्हणतो. तो अजून यायचा आहे. कोशातली या शब्दाची नोंद माझ्या हातची आहे. तिच्यात अकरा अर्थ आहेत. कायदेशीर संमती हा त्यांपैकी एकही नाही.

“मलीहे, तू काही दाबलंस?”

“फोन चार दिवस तुझ्या हातात आहे. मी काय स्वप्नात दाबलं?”

मी तिला संदेश वाचून दाखवला, उत्तरही वाचले. तिने मला ते पुन्हा एकदा वाचायला लावले. मग म्हणाली, “म्हणजे मी डोळा मागायला गेले, आणि माझ्या नावानं कुणीतरी ‘डोळा’ म्हणून तो देऊनही टाकला?”

इस्पितळाच्या खिडकीतल्या बाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. “आगा, खानुमनी चश्म म्हटलंय. हे बघा. आम्ही काय करणार?”

“बाई, तुमची सासू म्हणते आजपासून रोज माझे पाय चेपायचे. तुम्ही काय म्हणता?”

“चश्म म्हणते.”

“चेपता?”

त्या हसल्या, आणि हसल्याबद्दल ओशाळून त्यांनी मला तक्रारीचा कागद दिला.

राग आलेल्या माणसाने ओरडू नये, प्रयोग करावा. मलीहेचा फोन मी पूर्ण बंद केला आणि यदुल्लाहच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात ठेवून कुलूप घालायला लावले. मग माझ्या फोनवरून चकावकवर तिला लिहिले : ‘तू भरलेल्या सगळ्या शाली जाळून टाकू का?’ दिवसभर मी बाजारात येरझारा घातल्या. तांबटांच्या गल्लीतून तीनदा गेलो, ओळखीच्या माणसांना ओळख दिली नाही. दर फेरीला यदुल्लाह दुकानातून कुलपाकडे बोट दाखवी. दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच वेळी, बंद कपाटातल्या बंद फोनने मला उत्तर पाठवले : ‘चश्म.’

“उस्ताद,” यदुल्लाह पडद्याकडे बघत म्हणाला, “माझ्या सासूचे सगळे दोष कबूल. पण ती मेल्यावर बोलणार नाही.” आणि त्याने पाहिले ते तारीख-वेळेसह लिहून सही केली.

अशा रीतीने तिन्ही क्रियापदांचा हिशेब लागला. संदेश पोहोचला, तो तेहरानमधल्या कुठल्यातरी यंत्रापर्यंत. वाचला, तो त्याच यंत्राने. आणि चोवीस तास माणूस बोलला नाही, म्हणून संमतीही त्यानेच दिली. सभ्य यंत्र आहे. गप्प बसणे त्याला उद्धटपणाचे वाटते.

तक्रार समितीची बैठक पुढच्या, आबान महिन्याच्या चार तारखेला भरली. अध्यक्षस्थानी डॉक्टर मोअज्जमी होत्या, थकलेल्या पण सरळ बाई. चकावकतर्फे इंजिनिअर फरामर्ज नेकूयी आले होते. त्यांचा कोट उत्तम होता. दारात त्यांनी मला ‘आधी आपण’ म्हणून इतका वेळ अडवले, की शेवटी चहावालाच आमच्या आधी आत गेला.

डॉक्टरबाईंनी पहिल्यांदाच सांगून टाकले, “उत्तर यंत्राचं होतं हे कंपनीच्या माणसाच्या तोंडून नोंदीत आलं, तर संमती रद्द. पहिला मिळणारा कॉर्निया खानुमचा. तसं नाही आलं, तर नाव यादीच्या तळाशी. माझ्या हातात एवढंच आहे.”

मलीहे माझ्याशेजारी बसली होती. तिची बोटे डोक्यावरून मांडीवर आलेल्या चादरीची कड शोधत होती आणि सापडली की पुन्हा सोडत होती.

नेकूयींनी यदुल्लाहचा कागद वाचला. “दुर्मिळ तांत्रिक योगायोग,” ते म्हणाले. “आमचं अ‍ॅप देशातलं सगळ्यात विश्वासार्ह आहे. खानुमच्या घरातच कुणाचा तरी हात लागला असणार.”

“घरात मीच होतो,” मी म्हणालो.

“मग उस्ताद, वय झालं की बोट थरथरतं. कुणाचंही.”

“खरं आहे. साहेब, एक विनंती. मेहरच्या सात आणि आठ तारखेची तुमच्या यंत्राची मूळ नोंद आजच इथे समितीला द्याल?”

“चश्म, चश्म! दोन्ही डोळ्यांवर, उस्ताद.”

मी लेखनिकाकडे वळलो. “लिहा. इंजिनिअरसाहेबांनी संमती दिली. नोंद आत्ता सादर होत आहे.”

“अहो, थांबा, थांबा!” त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. “तसं नाही. ती गोपनीय असते. मी आपलं अदबीनं म्हटलं!”

“म्हणजे चश्म म्हणजे होकार नव्हे?”

“प्रत्येक वेळी कसा असेल? उस्ताद, तुम्ही तर कोशकार!”

“तर मग माझ्या बहिणीचा का धरला?”

ते डॉक्टरबाईंकडे पाहू लागले. डॉक्टरबाई म्हणाल्या, “दोन्हीपैकी एक निवडा, आगा नेकूयी. शब्द बांधत असेल तर नोंद मेजावर ठेवा. बांधत नसेल तर तसं, आणि खानुमचं उत्तर कुणी पाठवलं ते, तोंडानं सांगा.”

नोंद मेजावर ठेवली असती तर देशभरातल्या अशा प्रत्येक ‘चश्म’चे नाव-गाव बाहेर पडले असते, किरमानच्या एका डोळ्यापुरते प्रकरण थांबले नसते. ते त्यांना आमच्या आधी समजले. त्यांनी गळ्याचे बटण सोडले. खोलीत फक्त लेखनिकाची टाकटाक होती, आणि मलीहे अंदाजाने त्या आवाजाच्या दिशेला तोंड करून बसली होती. तिने विचारले, “ते बोलतायत का, दादाश?”

“बोलणार आहेत.”

त्यांचे म्हणणे लेखनिकाने टिपले, त्यांना वाचून दाखवले, आणि त्यांनी त्याखाली सही केली. मी त्यात एकही स्वल्पविराम बदललेला नाही :

“चोवीस तासांत उत्तर आलं नाही तर आमची प्रणाली स्वतःहून ‘चश्म’ पाठवते आणि वाचल्याची खूणही स्वतःच लावते. हे सगळ्यांना सुरुवातीपासून लागू आहे, आणि कुणालाही विचारलेलं नाही. ‘नाही’ हा शब्दही आमच्यापुढे होता. पण आपल्या नावानं ‘नाही’ गेलेलं पाहिलं तर लोक पहिल्याच दिवशी भांडायला आले असते. ‘चश्म’वर कुणी हरकत घेत नाही, कारण तो कुणी मनापासून म्हणत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. इस्पितळं त्याला होकार धरतात, हेही ठाऊक होतं. खानुमचं उत्तर खानुमनी दिलं नाही. ते आम्ही दिलं.”