अर्धी प्रदक्षिणा

प्रणिताला गप्प बसायला सांगणं म्हणजे कुकरला शिट्टी मारू नकोस म्हणण्यासारखं. तरी आज ती मूग गिळून बसली होती, कारण तिची गुहा पणाला लागली होती.

गुहा कॉम्प्युटरवरची. कर्जतला मावशीच्या घरी माडीवरच्या खोलीत प्रणिता आणि तिचा मावसभाऊ देवव्रत मिळून एक गेम बनवत होते. हातात मशाल घेतलेली मुलगी डोंगरात हरवलेल्या भावाला शोधत फिरते, कोडी सोडवते, असा. चित्रं आणि नकाशे प्रणिताचे, कोडिंग देवव्रतचं. दिवाळीत गेमचा नमुना इंटरनेटवर टाकायचा होता आणि त्यात एकच नकाशा घ्यायचा होता. देवव्रत म्हणे जंगल, प्रणिता म्हणे गुहा. भांडून भांडून दोघांचे घसे बसले. शेवटी ठरलं की प्रणिताच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीला, अपेक्षाला, खेळायला बसवायचं आणि तिला चकार शब्द सांगायचा नाही. सकाळी तिने देवव्रतचं जंगल बिनबोभाट पार केलं होतं. आता गुहाही कोणाला न विचारता पार केली तर गुहा घ्यायची. एकदा जरी तिने विचारलं तर जंगल.

अपेक्षाचं शेलूला ब्युटी पार्लर. मंगळवारी ते बंद, म्हणून ती सापडली. गेम म्हणजे तिला मोबाइलवरचा लुडो ठाऊक.

"मशालवाली माझ्यासारखीच दिसते गं," ती म्हणाली आणि बटणं दाबत सुटली.

प्रणिताचा जीव टांगणीला लागला. त्या गुहेसाठी तिने काय काय नाही केलं! कोंडाण्याच्या लेण्यांपर्यंत चढून जाऊन कातळाचे ढीगभर फोटो काढले, माकडांनी बिस्किटं पळवली ती वेगळीच. त्या फोटोंवरून तिने छोटे छोटे चौकोन रंगवले: जमिनीचा, भिंतीचा, कोपऱ्याचा, ओलीचा. तेच मोजके चौकोन उलटसुलट जोडून सगळी गुहा उभी करायची, आणि सांधा मात्र कोणाला दिसता कामा नये. पहिल्या खेपेला सगळं बाथरूमसारखं दिसत होतं. देवव्रतने तेव्हा "साबण कुठे ठेवलाय?" असं विचारून तिच्या नाकाला मिरच्या झोंबवल्या होत्या.

पण आता बघा! अपेक्षा खुर्चीच्या टोकावर आली होती. अरुंद बोळातून मशाल पुढे सरकली की भिंतींवरची ओल चमकायची आणि अपेक्षा "आयला!" म्हणायची. एकदा तर वटवाघळं उडाली तशी तिने स्वतःचंच डोकं खाली घातलं. प्रणिताला आनंदाने उड्या माराव्याशा वाटत होत्या.

मग मोठं दालन आलं. मधोमध चौथऱ्यावर गुळगुळीत गोल दगड, वरून ठिबकणारं पाणी, आणि ते पाणी वाहून नेणारी, चौथऱ्यापासून थेट भिंतीपर्यंत गेलेली दगडी पन्हळ. समोर बंद दार. कोडं सोपं होतं. दगडाभोवती पूर्ण फेरी मारली की दार उघडणार.

"हां, फेरी मारायची हाय!" अपेक्षा आपणहून म्हणाली.

प्रणिताने देवव्रतच्या दंडाला कचकन चिमटा काढला. जिंकलेच!

मशालवाली निघाली. डावीकडून गेली, पन्हळीपाशी पोचली आणि वळली. आली तशी मागे फिरून दुसऱ्या बाजूने पन्हळीपर्यंत गेली आणि पुन्हा वळली. दार ढिम्म. अपेक्षाने तेच पुन्हा केलं. घोडं इथेच पेंड खाऊ लागलं. एक पाऊल टाक गं बये, एकच! प्रणिताने ओठ इतके घट्ट मिटले की दुखायला लागले.

"मी तं बरोबर घातली प्रदक्षिणा," अपेक्षा वैतागून वळली. "मंग दार का उघडत नाय गं?"

"विचारलं!" देवव्रतने टेबलावर हात आपटला. "जंगल!"

प्रणिताच्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढी मेहनत, आणि अडली कुठे तर हातभर पाण्यापाशी. "अगं, पन्हळ ओलांडायची की! उडीसुद्धा मारावी लागत नाही!"

"ओलांडायची?" अपेक्षाने तिच्याकडे असं पाहिलं की जणू हिने देवाचा नारळ चोरला. "शंकराची पन्हळ ओलांडतात का गं कुनी? तू सोमवारी देवळात काय करतेस?"

प्रणिता दर सोमवारी अर्धीच प्रदक्षिणा घालत होती. लहानपणापासून. पन्हळीपाशी पोचली की पाय आपोआप वळायचे. तिने स्क्रीनकडे पाहिलं. दगड, चौथरा, पन्हळ, सगळं तिच्याच हाताने उतरलं होतं आणि तिच्या डोक्याला पत्ताच नव्हता!

आणि मग तिला जे कळलं त्याने ती ताडकन उभी राहिली. "देव्या! ते निळे चौकोन आहेत रे! नुसते निळे चौकोन! आणि हिने त्यांच्यावर पाय नाही दिला!"

देवव्रतने खुर्ची ओढली, कोड उघडला आणि पूर्ण फेरीची अट काढून तिथे दोन्हीकडून पन्हळीपर्यंत येऊन परत फिरण्याची अट लिहिली.

"पण तू जिंकलास ना?" प्रणिताने विचारलं.

"सकाळी माझ्या जंगलात ही वारुळावर चढून उभी राहिली होती," तो स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला. "नागपंचमीला वारुळाला दूध घालणारी पोरगी. तिला ते वारूळ वाटलंच नाही. गुहा जाईल दिवाळीला."

प्रणिताने त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याची दोन अक्षरं चुकली.

अपेक्षा पुन्हा बसली. मशालवाली डावीकडून गेली, वळली, उजवीकडून गेली, वळली. घरघर आवाज करत दार उघडलं. अपेक्षा किंचाळली, प्रणिता किंचाळली, खालून मावशीने "काय पडलं रे?" म्हणून हाक मारली.

पण मशालवाली दारात थांबली. अपेक्षा बटणांवर बोटं फिरवत काहीतरी शोधत होती.

"प्रणिते," ती म्हणाली, "आत जायच्या आधी हिची चप्पल काढायचं बटण कुठलं गं?"

असं बटण नव्हतंच. दोघांनी एकदमच कीबोर्डवर झडप घातली.