चार फूट खोटा

मित्रांनो, मी वळ गावच्या ओढ्याकाठचा एक जुना खांब आहे. पुराचं पाणी किती फूट चढलं, ते माझ्या अंगावरच्या आकड्यांवरून वाचतात. माणसांवर माझा फारसा विश्वास नाही, आणि रंगाचा डबा घेऊन येणाऱ्यांवर तर मुळीच नाही.

पूर्वी असं नव्हतं. शिकल्यासवरलेल्या साहेबांनी पातळी मोजायची दुर्बीण लावून माझी जागा ठरवली आणि नऊ फुटांवर लाल रेघ मारली. पाणी रेघेला टेकलं की ते वाचायला नेमलेला केसरीनाथ तहसीलला फोन करायचा, तहसील जिल्ह्याला कळवायचं आणि खालच्या आळीतली माणसं शाळेत हलवली जायची. तेव्हा मला भारी मान होता.

मग काठावर गोदाम आलं. ठेकेदाराच्या माणसांनी मला उपटलं आणि चार फूट उंच भरावावर पुन्हा रोवलं; तेव्हापासून मी चार फूट कमीच दाखवतो. वर ताजा रंग दिला. तालुक्याचा माणूस आकडे स्वच्छ दिसतात म्हणून खूश होऊन गेला. जिल्ह्याने तालुक्याचा कागद मानला, मंत्रालयाने जिल्ह्याचा. दुर्बीण मात्र कुणीच आणली नाही. विसरले की टाळलं, हा संशय मला अजून छळतो.

गेल्या श्रावणात भर दुपारी ओढा फुगला. मी पाच दाखवत होतो. तहसीलचं म्हणणं, पाच म्हणजे धोका नाही, हवं तर खांबाचा फोटो पाठवा. केसरीनाथ पुलावर मोबाइल धरून माझ्याकडे बघतच राहिला. एवढ्यात खालच्या आळीतली आक्का गुडघाभर पाण्यातून धापा टाकत आली. घरात तिची बाळंतीण सून मृणाली होती.

"त्याला काय इचारतोस, केसरी? पानी माज्या उंबऱ्याच्या आत आलंय. खांब हालवलाय, तुला ठाव न्हाय काय?"

त्याला ठाऊक होतं. मला हलवलं तेव्हा तो तिथेच उभा होता आणि गप्प बसला होता. त्याने मान खाली घातली, पुन्हा फोन लावला.

"नऊ फूट हाय, साहेब. फोटो निघत न्हाय."

मृणालीला बाळासकट शाळेत नेलं. तासाभरात आक्काच्या घराच्या खिडक्या बुडाल्या.

पुढे चौकशी झाली. गोदामाच्या कॅमेऱ्यात त्या वेळी पाच दिसत होतं, म्हणून खोटी पातळी कळवल्याची नोटीस केसरीनाथला आली. खोटं बोललो मी, मित्रांनो, आणि गुन्हेगार ठरला तो. याची मला फार लाज वाटते. मला तर त्यानंतर नवा रंग मिळाला.

आता पुन्हा पावसाळा तोंडावर आला आहे. मला रंगवायला कुणी आलं तर त्याला अडवा, दुर्बीण मागा, आणि सगळ्यांत आधी मला इथून उपटा.