काकूंचे एफ फाइव्ह

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका कारखान्यात, खिडकीजवळच्या संगणकात मी राहतो. दिसायला अगदी साधा: राखाडी चौकट आणि बारा पांढरे रकाने. पण माझ्या रकान्यांतून गेलेल्या नंबरांमुळे कितीतरी मुलांना फळ्यावरची अक्षरे दिसू लागली. हे सांगताना माझी छाती फुगते. मला छाती नाही, ही गोष्ट वेगळी.

अठरा वर्षांपूर्वी एका दाढीवाल्या काकांनी मला घडवले. त्याआधी चार दिवस ते नंबरवाल्या काकूंच्या शेजारी स्टुलावर नुसते बसून होते. दुकानांतून चिठ्ठ्या येत. त्यांवरचे डोळ्यांचे नंबर काकू तेव्हा संगणकातल्या एका साध्या तक्त्यात भरत आणि त्याप्रमाणे आत काच घासली जाई.

"बाई, तुम्ही पडद्याकडे बघतच नाही की!" काका म्हणाले.

"पडद्याकडे बघितलं तर चिठ्ठीकडे कोण बघणार? तुम्ही? डॉक्टरांचं अक्षर पाहिलंय का?"

काका हसले. शेवटचा आकडा भरला की काकूंचे डावे बोट आपोआप कीबोर्डच्या वरच्या रांगेत जाते, हे त्यांनी हेरले. तिथे एफ फाइव्ह नावाचे बटण होते. त्या बटणाला त्यांनी नंबर जपून ठेवण्याचे काम दिले. नंबर पक्का झाला की मी 'टक्' असा आवाज करायचा आणि पुढच्या चिठ्ठीसाठी रिकामे रकाने मांडायचे. दिवसाला तीनशे चिठ्ठ्या, तीनशे वेळा टक्. काकूंची बोटे चालू लागली की आतला कारागीरसुद्धा दारात उभा राहून बघत बसे.

माझ्यात उणीवही होती. मी त्या एकाच संगणकात राहणारा. "काच झाली का?" हे विचारायला दुकानदारांना फोन करावा लागे.

म्हणून मालकीणबाईंनी आपल्या भाचीकडून नवा प्रोग्राम करून घेतला. तो ब्राउझरमध्ये उघडतो, म्हणजे तुम्ही इंटरनेट पाहता ना, त्यातच. त्याला एका संगणकात घर करावे लागत नाही. कुठल्याही दुकानातून हाक मारा, त्याचे पान समोर हजर! भाचीने एका ठिकाणी सुधारणा केली की सगळीकडे झाली. खोटे कशाला सांगू, मला थोडी जळजळ झाली, पण कौतुक त्याहून जास्त वाटले.

मला बाजूला ठेवून काकूंना नवे पान दिले. "भरून झालं की माउसने हिरवं बटण दाबायचं," एवढे सांगून भाची गेली. आणि घोटाळा सुरू झाला. संध्याकाळी निम्म्या चिठ्ठ्यांचे नंबर गायब! दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

"काकू, नंबर भरता की झोपेत भरल्यासारखं करता?" कारागिराने टोमणा मारला.

मालकीणबाई म्हणाल्या, "वय झालं हो त्यांचं. सोमवारपासून पॅकिंगला बसवू."

काकूंनी ते ऐकले. चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला, पुन्हा पुन्हा पुसला. "डोकंच चालेनासं झालंय माझं," त्या पुटपुटल्या.

मित्रांनो, मला कारण ठाऊक होते! पण तोंड नसलेल्याने ओरडायचे कसे?

शनिवारी भाची आली आणि तेच जुने स्टूल ओढून काकूंशेजारी बसली.

"माझ्या चुका बघायला आलीस का गं?"

"नाही काकू. माझ्या."

पहिल्या दहा चिठ्ठ्या नीट गेल्या. काकू आठवणीने माउसकडे हात नेत होत्या. मग हाताला वेग आला. अकराव्या चिठ्ठीला डावे बोट वर गेले.

"थांबा! आत्ता काय दाबलंत?"

"कुठं काय? काहीच नाही."

बोट गेले, हे काकूंना कळलेही नव्हते. ब्राउझरमध्ये एफ फाइव्ह म्हणजे पान नव्याने आणणे. भरलेले सारे पुसले जाऊन कोरे पान समोर येई. नंबर जपला गेल्यावरही तसेच कोरे पान येई. चिठ्ठीवर नजर असलेल्या माणसाला फरक कळणार कसा?

भाचीने मला उघडले. एक नंबर भरून एफ फाइव्ह दाबले. टक्!

"काकू, तुम्ही काहीही विसरला नाहीत. तुमच्या बोटांना काय पाठ आहे, ते मी विचारलंच नाही."

"मग आता यातलं ठेवायचं कुठलं?" मालकीणबाईंनी विचारले.

"दोन्ही, मावशी. दुकानदार दिवसातून दोनदा डोकावतात, तेही कुठूनही. त्यांना नवं पान. काकू दिवसभर इथंच, दोन्ही हातांनी. त्यांना हा जुना. नंबर एकाच ठिकाणी साठतील, एवढी जोडणी मी करते."

मालकीणबाई ओशाळल्या. "काकू, मग ते पॅकिंगचं..."

"पॅकिंगला तुम्ही बसा. माझ्या चिठ्ठ्या पडल्यात."

मित्रांनो, नवे जरूर आणा. ते फार गुणाचे असते, हे मी डोळ्यांनी पाहिले. मला डोळेही नाहीत म्हणा! पण काम करणारा माणूस अडखळला, तर त्याला नावे ठेवण्याआधी एक स्टूल ओढा आणि घटकाभर त्याच्या शेजारी बसा. त्याच्या हातांकडे बघा.

आता रजा द्या. सोमवार उजाडलाय, काकूंनी पहिली चिठ्ठी उचललीय, आणि त्यांचे डावे बोट वरच्या रांगेकडे निघाले आहे.

टक्.